राजीनामा सगळ्यात शेवटी: चाळिशीत ऑफिस सोडून इलेक्ट्रिशियन व्हायचं असेल तर

मी १९ वर्षं पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये होतो आणि ४३ व्या वर्षी इलेक्ट्रिशियन झालो. आता महिन्यातून एकदा तरी कोणीतरी ओळखीचा फोन करतो, आवाज बारीक करून, बहुतेक ऑफिसच्या जिन्यात उभा राहून, विचारतो की अरे खरंच जमतं का रे हे, आणि लगेच पुढचं वाक्य असतं 'मी तर या महिन्यात पेपर टाकतोच'. मी त्याला तिथेच थांबवतो. पेपर टाकणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे, त्याच्या आधी दीडेक वर्षाची तयारी असते आणि ती पगार चालू असतानाच करायची असते. काय ती, ते सांगतो, आठवेल तसं.

आधी मिस्त्री शोधा, कोर्स नंतर. बरेच जण उलटं करतात, पहिले फी भरतात आणि सहा महिन्यांनी कळतं की धुळीत उभं राहवत नाही. तुमच्या भागात फ्लॅटांची वायरिंग करणारा, हाताखाली दोन-तीन पोरं असलेला माणूस गाठा आणि सरळ सांगा की रविवारी येतो, पैसे नकोत, शिकायचंय. तो हसेल, हसू दे. माझा मिस्त्री, म्हणजे दादा (माझ्यापेक्षा १२ वर्षांनी लहान, पण साइटवर दादाच) पहिल्या दिवशी 'सर, तुम्ही कशाला धूळ खाताय' म्हणाला, तिसऱ्या रविवारी मी 'काका' झालो आणि सहाव्या रविवारी 'ओ काका, ती पक्कड फेका इकडं'. तेव्हा समजायचं ॲडमिशन झालं. पहिले दोन महिने झिरी मारायची, म्हणजे भिंत कापून पाइपाला जागा करायची, राडारोडा गोण्यांत भरून खाली न्यायचा, आणि पाइपातून स्प्रिंग घालून वायर ओढायची, बस. वीस रविवार असे गेले आणि एकविसाव्याला सकाळी सातला स्वतःहून जाग आली तर पुढचं वाचा, नाहीतर ऑफिस काय वाईट नाही, एसी असतो. (आणि हो, अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, दुसरीकडे पैसे घेऊन काम करायला बंदी असते बऱ्याचदा. म्हणून पण सुरुवातीला फुकटच.)

डोळे आणि गुडघे. हे कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. चाळिशीत चाळिशी लागते, त्यात काय नवीन, पण या कामात अर्धा वेळ मान वर करून छताकडे बघत काम असतं आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसायचा भाग खाली असतो. म्हणजे शिडीवर उभं राहून सिलिंगमधल्या फॅन बॉक्समध्ये कनेक्टर पिळताना तुम्हाला काहीच धड दिसत नाही, मान मागे टाकून टाकून दोन दिवसांत मानेचं भजं होतं. मी महिनाभर समजत होतो की माझा हातच बसत नाहीये. मग चष्मेवाल्याकडून हातभर अंतरासाठी एकच नंबर असलेला वेगळा चष्मा करून घेतला, साधा, दोरी लावून गळ्यात. काम निम्मं सोपं झालं. गुडघ्यांसाठी नी पॅड घ्या, पोरं हसतात, त्यांचे गुडघे २२ वर्षांचे आहेत. आणि भिंत कापताना मास्क आणि गॉगल, हे पोरं घालत नाहीत म्हणून तुम्ही पण टाळू नका, सिमेंटची धूळ फुप्फुसात गेली की गेली.

आता कागद. आयटीआयला प्रवेशाला वरची वयाची अट नाही, त्यामुळे चाळिशीतला माणूस पण वीजतंत्री किंवा तारतंत्री (इलेक्ट्रिशियन आणि वायरमनची सरकारी नावं, ऐकायला भारी वाटतात) ट्रेडला बसू शकतो. पण दोन्ही कोर्स दोन-दोन वर्षांचे आणि दिवसा, नोकरी करत अवघडच. मी संध्याकाळचा अर्धवेळ कोर्स केला, थिअरी तिथे आणि हात रविवारी. सर्टिफिकेटपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे परवाना, आणि यात लोक फार गोंधळ करतात. नियम असा आहे की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं अशी किरकोळ कामं, ज्यात लोड किंवा वायरिंगचं स्वरूप बदलत नाही, ती सोडली तर बाकीचं वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाच्या हातूनच व्हायला हवं. नवीन मीटर घ्यायचा किंवा लोड वाढवायचा तर महावितरण टेस्ट रिपोर्ट मागतं, तो लायसनवाल्या ठेकेदाराचाच लागतो. म्हणजे पहिली काही वर्षं तुम्ही अशा ठेकेदाराला जोडूनच राहायचं, छोटी रिपेअरिंगची कामं स्वतःची आणि नवीन वायरिंग त्याच्या लायसनवर, त्याच्या नजरेखाली. तोपर्यंत विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसात जाऊन वायरमन परवान्याची अट तुमच्या शिक्षणाला कशी लागू होते ते विचारून या, घरबसल्या व्हिडिओ बघून ठरवू नका. अजून एक, पीएम विश्वकर्मामधून १५,००० चं टूलकिट मिळतं म्हणून कोणीतरी सांगेलच, तर त्या यादीतल्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी आहेत, इलेक्ट्रिशियन नाही. सुतारकामाकडे जाणार असाल तर बघा.

पैशाचं गणित हा माझा जुना धंदा म्हणून यात मी जरा कडक आहे. सहा महिने तालीम करा: पगार आला की निम्मा लगेच दुसऱ्या खात्यात टाकायचा आणि उरलेल्या निम्म्यात घर चालवायचं, क्रेडिट कार्ड कपाटात. आमच्याकडे दुसऱ्याच महिन्यात बोंब झाली, मुलीच्या क्लासची फी आणि गाडीचा इन्शुरन्स एकदम आला, मग बायकोनेच वही काढून वर्षाचे असे एकदाच येणारे खर्च लिहिले आणि ते बाराने भागले. ती वही मी अजून वापरतो. तालमीत साठलेले पैसे अधिक अजून थोडे, असा वर्षभराचा घरखर्च बाजूला दिसला पाहिजे.

नोकरी असतानाच उरकायची दोन कामं आहेत. मेडिक्लेम एक. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असू शकतो, म्हणजे बीपी-शुगर असेल तर स्वतःची पॉलिसी जितकी आधी चालू कराल तितकं बरं. सोबत अपघात विमा पण घ्या, शिडीवरचं काम आहे, आणि फॉर्मवर व्यवसाय खरा लिहा. दुसरं होमलोन. व्याजदर कमी करून घेणं, बॅंक बदलणं, टॉप-अप, जे काय करायचं ते सॅलरी स्लिप हातात असताना, एकदा स्वतःचा धंदा सुरू केलात की बॅंक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते आणि तुमच्याकडे ती नसतात.

ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर मिळतेच, माझ्या वेळी हिशोब सोपा होता, शेवटचा बेसिक (डीए असेल तर धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले झालेली वर्षं. माझा बेसिक २६,००० होता, १९ वर्षं, म्हणजे २ लाख ८५ हजार. हे पैसे हत्यारं आणि स्कूटरला नाहीत बरं का, हे आधीच ठरवा. पीएफ मोडू नका, आणि दहा वर्षांच्या वर नोकरी झाली असेल तर पेन्शनचा भाग ५८ नंतर पेन्शन म्हणूनच येतो, त्याचं स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा.

हत्यारांवर सुरुवातीला उधळपट्टी नको. चांगली पक्कड, कटर, स्क्रूड्रायव्हरचा सेट, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, हॅमर ड्रिल, घडीची शिडी, टेस्ट लॅम्प. भिंत कापायचं मशीन पहिल्या वर्षी दादाचंच वापरलं.

टेस्टरवर मात्र एक गोष्ट पाठ करा: नुसता टेस्टर पेटला नाही म्हणून वायरला हात लावायचा नाही. आधी चालू पॉइंटवर मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावून तो काम करतोय याची खात्री, मग एमसीबी (बोर्डातला त्या लाइनचा आपोआप पडणारा स्विच) पाडून, त्याच्यावर टेप मारून, ज्या वायरवर काम करायचंय तिथे तपासायचं, आणि मग परत एकदा चालू पॉइंटवर. तीनदा. घरातल्या कोणाला तरी 'बोर्डाला हात लावू नका' असं तोंडाने पण सांगायचं, कारण पंखा बंद पडला की आजोबा सवयीने उठून एमसीबी वर करतात.

शिकताना वायरिंग करण्यापेक्षा फॉल्ट शोधणं शिका, आपल्या वयाच्या माणसाची भाकरी तिथे आहे. दिवसाला तीस पॉइंट ओढायच्या शर्यतीत तुम्ही पंचविशीतल्या पोराला हरवणार नाही, पण शांतपणे बसून एकेक सर्किट वेगळं करत बिघाड पकडणं, हे ट्रायल बॅलन्सचा (सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज जुळवायचा तक्ता) फरक शोधण्यासारखंच आहे, आणि तो आपण आयुष्यभर शोधलाय. काही नेहमीचे सांगतो. स्विच बंद केला तरी एलईडी मंद पेटलेला राहतो, तर बघा स्विच न्यूट्रलवर तर टाकला नाहीये ना, किंवा स्विचमध्येच छोटा इंडिकेटर आहे का. पावसाळ्यात आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतो, तर बाहेरचा लाइट, बाल्कनीतलं सॉकेट, गच्चीवरचा पंप, ओल जिथे शिरू शकते तिथून सुरू करा. इन्व्हर्टर बसवल्यापासून पडतोय तर बहुतेक कोणीतरी दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र केलेत. गीझरचं सॉकेट काळं पडलंय तर आत स्क्रू ढिला आहे किंवा ६ अँपिअरच्या पॉइंटवर गीझर चढवलाय. आणि पूर्ण बिल्डिंगमध्ये काही घरांत बल्ब भगभगीत आणि काही घरांत मंद, तर मेनचा न्यूट्रल गेलाय, आधी सगळ्यांना टीव्ही-फ्रिज बंद करायला सांगा, मग बाकीचं. गिऱ्हाइकाला एवढं समजावता आलं पाहिजे की एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाला वाचवतो, 'सारखा पडतो म्हणून काढून टाका' असं म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

चुका होतात. स्वतःच्या जिवावर घेतलेल्या चौथ्या की पाचव्या कामात मी बाथरूमबाहेर बोर्ड बसवायला ड्रिल मारलं आणि भिंतीतून कारंजं. प्लंबर, टाइल, रंग मिळून माझी आठवड्याची कमाई गेली, आणि त्या घरातल्या काकूंनी मला वर चहा पाजला, ते जास्त लागलं. तेव्हापासून नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल मारत नाही, आणि माझ्या प्रत्येक कामात प्लास्टर व्हायच्या आधी उघड्या पाइपांचे फोटो टेप लावून काढतो आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप करतो. या एका सवयीने जितकी कामं आणली तितकी कुठल्या जाहिरातीने आणली नाहीत.

लोकांचं काय, तर आई महिनाभर बोलली नाही, मग एक दिवस 'एवढं शिकून हेच करायचं होतं का' म्हणाली आणि त्याच आठवड्यात शेजारणीकडे मला पाठवलं मिक्सरचा पॉइंट बघायला. लिफ्टचा किस्सा मात्र विसरत नाही. एका सोसायटीत वॉचमनने सांगितलं सर्व्हिस लिफ्टने जा, आणि आदल्याच वर्षी मी तिथे मित्राच्या वास्तुशांतीला मेन लिफ्टने गेलो होतो, तोच वॉचमन, त्याने तेव्हा सलाम केला होता. गेलो सर्व्हिस लिफ्टने. आत आधीच एक दूधवाला आणि एक एसीवाला होता, एसीवाल्याने नंबर घेतला, आज माझी उन्हाळ्यातली निम्मी कामं त्याच्याकडून येतात.

रेट. व्हिजिट चार्ज फोनवरच सांगा, लाजू नका, ऑफिसातली माणसं इथेच मार खातात, 'द्या काय द्यायचं ते' म्हणतात आणि मग घरी येऊन चिडतात. अंदाज लिहून पाठवा, मजुरी वेगळी, माल वेगळा, मालाचं बिल गिऱ्हाइकाच्या नावावर. दुकानदार मागच्या दाराने कमिशन देतो, घ्यायचं की नाही तुमचं तुम्ही बघा, मी तेवढीच सूट बिलात मागतो. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्याचे हजार-दोन हजार मागणाऱ्याला हात जोडा. जीएसटी सेवांना वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेल्यावर, तोपर्यंत डोकं खाऊन घेऊ नका, पण रिटर्न पहिल्या वर्षापासून भरा, लोनला लागतं.

वर्षाचा नकाशा पण आधीच भिंतीवर लावा. मार्च ते मे एसीचे पॉइंट, जूनपासून शॉक आणि ट्रिपिंगचे फोन, पितृपक्षात नवीन काम कोणी काढत नाही तेव्हा पंधरा दिवस जवळपास बसून, आणि दसरा ते दिवाळी जेवायला वेळ नाही. म्हणून राजीनामा डिसेंबर-जानेवारीत द्यायचा, नोटीस पिरियड संपून मार्चला मोकळं व्हायचं, उन्हाळ्याचे पैसे हातात आले की जूनची शाळेची फी निघते. जुलैत सोडलंत तर पहिलाच अनुभव पितृपक्षाचा येईल आणि बायकोसमोर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

शेवटच्या दिवशी एक्सपिरियन्स लेटर, फॉर्म १६ कधी मिळेल ते, ग्रॅच्युइटीचा फॉर्म, सगळं हातात किंवा मेलवर घ्या, पर्सनल मेलवर, कारण ऑफिसचा सहा वाजता बंद होतो. आणि लॅपटॉपबरोबर चार्जर पण परत केल्याची सही घ्या, माझ्या हिशोबातून चार्जरचे २,४०० कापले होते आणि तो चार्जर अजूनही त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असणार.