औषधाचा फॉरवर्ड आला की, मेडिकलकडे जाण्याआधी

साथीच्या काळात औषधाची मागणी आधी मोबाईलवर उठते, काउंटरवर नंतर येते. कर्नाटकातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांत तर ती लवकर उठते. आरोग्य खात्याचं पत्रक कन्नडमध्ये येतं आणि कोल्हापूर-गडहिंग्लजच्या पाहुण्यांचा मेसेज मराठीत. घरातली मोठी माणसं जे वाचता येतं त्यावर विसंबतात, यात त्यांची चूक नाही. म्हणून पत्रक मराठीत वाचून दाखवणारं एक माणूस प्रत्येक गल्लीत आधीच ठरवून ठेवा. त्यानं सारांश सांगू नये, पत्रकाचा फोटो समोर ठेवून ओळ न् ओळ वाचावी. कर्नाटकात १०४ वर फोन लावूनही विचारता येतं.

आता मेसेज तपासायचा कसा ते बघू. समजा, असा आला: ‘मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ही गोळी आजच आणून ठेवा, उद्या मिळणार नाही.’ व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच्या वर दोन बाण दिसत असतील, तर तो किमान पाच हात फिरून आलाय. डॉक्टरचं नाव नाही, तारीख नाही, कुणी आणि किती दिवस घ्यायची तेही नाही. त्यातलं ‘उद्या मिळणार नाही’ हे वाक्य सगळ्यांत घातक. ते वाचून प्रत्येक घर दोन पट्ट्या जास्त घेतं आणि दुकान खरंच रिकामं होतं. मग लोक म्हणतात, ‘काहीतरी गुण असल्याशिवाय संपतंय होय?’ तुटवडा अफवेनंच झालेला असतो आणि तोच अफवेचा पुरावा होऊन बसतो.

कोविडच्या वेळी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या गोळीचं असंच झालं. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या अभ्यासानं आशा लावली. त्यात औषध दिलेले रुग्ण होते फक्त २०. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं हे औषध एच-१ यादीत घातलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि दुकानदारानं रुग्ण, डॉक्टर व गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या मोठ्या रिकव्हरी चाचणीत दिसलं की, इस्पितळातल्या रुग्णांचे मृत्यू त्यानं कमी होत नाहीत. फ्रान्सचा तो अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. मधल्या काळात हाल झाले ते संधिवात आणि ल्यूपसच्या (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णांचे, ज्यांना ही गोळी रोज लागते.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: औषध माणसांना देऊन पाहिलं का, आणि न दिलेल्या तशाच रुग्णांशी तुलना केली का? सौम्य आजाराची बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. त्यांना कुठलीही गोळी द्या, ‘गुण आला’ असंच वाटणार. आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधानं प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये कोविडचा विषाणू रोखला होता, पण तेवढं प्रमाण नेहमीच्या डोसानं रक्तात येतच नाही. तरी मे २०२१ मध्ये चोर्ला घाटापलीकडे गोवा सरकारनं १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ते द्यायचं जाहीर केलं. ते कोविडसाठी फक्त चाचण्यांतच वापरा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मार्चमध्येच सांगितलं होतं. सरकारचं नाव आलं की शंका मिटते; इथे मिटायला नको होती. २०२२ मध्ये ब्राझीलच्या १,३५८ रुग्णांच्या चाचणीत या औषधानं इस्पितळात जाणं टळलं नाही.

दुसरा प्रश्न: कुणासाठी आणि केव्हा? हा बहुतेक जण विचारतच नाहीत. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कोविडमध्ये खरोखर उपयोगी ठरलं; व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. पण ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. तेच स्टेरॉइड घरी ताप आल्या आल्या सुरू केलं, तर साखर चढते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे जे रुग्ण आले, त्यांत मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर हे वारंवार दिसलं. औषध खरं असलं तरी चुकीच्या वेळी घेतलं की अपाय करतं.

पट्टी हातात आली तर ब्रँडचं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचा. डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल, तर ते चिठ्ठीचं औषध. बॅच नंबर आणि मुदत खरवडलेली दिसली किंवा बिल मिळालं नाही, तर घेऊ नका. २०२१ मध्ये रेमडेसिव्हिर या कोविडवर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनच्या बनावट कुप्याही विकल्या गेल्या.

ग्रुपवर उत्तर देताना ‘खोटं आहे’ म्हणून मोकळं होऊ नका. चारचौघांत चूक काढली की माणूस आणखी घट्ट धरून बसतो. वेगळा फोन लावा: ‘मामा, तुम्ही काळजीनं पाठवलंत, पण ही गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. मी आत्ताच विचारून सांगतो.’ आणि खरंच विचारून सांगा. शिवाय हाताला दुसरं काम द्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत गोळी घरात येते. ताप दिवसातून तीनदा लिहून ठेवायला सांगा. ऑक्सिमीटर लावताना नखाची पॉलिश काढून, हात ऊबदार करून, पाच मिनिटं शांत बसून आकडा घ्यायचा आणि तो ठरला की लिहायचा. ९४ च्या खाली दिसला, तर पुन्हा मोजा. तेवढाच आला तर फॉरवर्ड वाचत बसू नका, थेट दवाखाना गाठा.