कर्णबधिर अभिनेत्रीबरोबर नाटक किंवा चित्रपट करताना: निवडीपासून पहिल्या खेळापर्यंत

कर्णबधिर बाईची भूमिका कर्णबधिर अभिनेत्रीलाच द्यावी, हे आता बहुतेकांना पटतं. घोडं अडतं ते पुढे. निवड होते, करारावर सह्या होतात, आणि पहिल्या तालमीला लक्षात येतं की दुभाष्याला कुणी बोलावलेलंच नाही.

या कामाचा इतिहास छोटा आहे, पण बोलका आहे. मार्क मेडॉफने 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' हे नाटक फिलिस फ्रेलिक या कर्णबधिर अभिनेत्रीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आणि 1980 साली तिला टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. त्याच नाटकावरचा चित्रपट 1986 मध्ये आला. त्यातल्या मार्ली मॅटलिनला 1987 साली वयाच्या 21व्या वर्षी मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. त्यानंतर दुसऱ्या कर्णबधिर कलाकाराला अभिनयाचं ऑस्कर मिळायला 2022 उजाडलं. तो ट्रॉय कॉट्सर, चित्रपट 'कोडा'. मधल्या 35 वर्षांत गुणी माणसं नव्हती असं मुळीच नाही. तालमीची खोली आणि चित्रीकरणाची जागा त्यांच्यासाठी तयार नव्हती. ती तयार कशी करायची, ते इथे सांगतो.

संहिता हातात आल्यावर

आधी भूमिकेची भाषा ठरवा. 'सांकेतिक भाषा' अशी जगभर एकच भाषा नाही. अमेरिकी सांकेतिक भाषेचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे, ब्रिटिश भाषेशी नाही. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी बोलतात म्हणून खुणाही एकच असतील, असं धरून चालू नका. पात्र कुठल्या देशातलं, कुठल्या पिढीतलं, शाळेत खुणा शिकलेलं की घरी, यावर तिच्या हातांची भाषा बदलते.

मग ओठ वाचण्याचे प्रसंग तपासा. लेखकांची इथे हमखास चूक होते: नायिका खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोऱ्या माणसाचं बोलणंसुद्धा 'वाचते'. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'बाळ', 'माळ', 'पाळ' म्हणून बघा. तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. क, ग, ह तर घशाजवळ होतात, ते ओठांवर जवळजवळ उमटतच नाहीत. ओठ वाचणारी व्यक्ती जे दिसतं त्यापेक्षा जास्त संदर्भावरून ताडत असते. त्यासाठी समोरचा चेहरा जवळ, उजेडात आणि तिच्याकडे वळलेला लागतो. संहितेत या तिन्ही गोष्टी नसतील तर तो प्रसंग बदला.

संवादांचं सांकेतिक भाषेत भाषांतर हे स्वतंत्र काम आहे आणि त्यासाठी स्वतंत्र माणूस, म्हणजे भाषा सल्लागार, लागतो. 'कोडा'मध्ये अलेक्झांड्रिया वेल्स आणि ॲन टोमासेटी यांनी सांकेतिक संवादांचं काम पाहिलं, आणि दोघी स्वतः कर्णबधिर आहेत. हे काम मुख्य अभिनेत्रीच्या गळ्यात मारू नका. ती आपली भूमिका करायला आली आहे. सोबतच्या ऐकू येणाऱ्या नटांचे हात सुधारणं हा तिच्या मानधनाचा भाग नाही.

भाषांतर शब्दाला शब्द लावून होत नाही. दिग्दर्शक, भाषा सल्लागार आणि अभिनेत्री एकत्र बसून आधी वाक्याचा हेतू ठरवतात. टोमणा आहे की विनवणी, ते कळलं की खुणा निवडतात. ठरलेलं वाक्य मोबाइलवर समोरून चित्रित करून ठेवा, कारण कागदावर लिहिलेल्या नोंदीतून चेहऱ्याचे भाव आणि हाताची दिशा कळत नाही. भाषांतर पक्कं करायची तारीख आधीच जाहीर करा. ऐन वेळी 'आज' चं 'उद्या' करणं बोलणाऱ्या नटाला जड जात नाही. पण बऱ्याच सांकेतिक भाषांत काळाची खूण वाक्याच्या सुरुवातीला येते. ती बदलली की वाक्याची लय बदलते आणि तिच्यावर बेतलेली हालचालही. जागेवर बदल करावाच लागला तर दहा मिनिटं थांबा. 'तू बघ कसं जमतंय' म्हणून टेक घेऊ नका.

दुभाषी

एक दुभाषी पुरत नाही. ऐकत ऐकत त्याच वेळी दुसऱ्या भाषेत मांडत राहणं थकवणारं असतं. साधारण वीस मिनिटांनंतर चुका वाढू लागतात, म्हणून दोघांनी आलटून पालटून काम करायचं असतं. दोघांनाही संहिता आठवडाभर आधी द्या. पात्रांची नावं, नेपथ्यातले शब्द, कॅमेऱ्याची परिभाषा यांच्या खुणा त्यांना अभिनेत्रीशी बोलून आधी ठरवता येतात.

दिग्दर्शक बोलत असेल तेव्हा दुभाष्याने त्याच्या शेजारी, किंचित मागे उभं राहावं. म्हणजे अभिनेत्रीला एकाच नजरेत दोघे दिसतात. बोलायचं ते तिच्याकडे बघून, थेट तिच्याशी. 'तिला सांगा की जरा हळू चालायचं' हे वाक्य दुभाष्याला उद्देशून आहे, आणि नेमकं तेच तसंच्या तसं तिच्यापर्यंत पोचतं. दुभाषी दोन-चार शब्द मागे असतो, हेही ध्यानात ठेवा. विनोदावर सगळे हसून मोकळे होतात तेव्हा तिच्यापर्यंत विनोद जेमतेम पोचत असतो.

मधल्या सुट्टीत दुभाष्याला सोडून देणं ही काटकसर महागात पडते. उद्याचा प्रसंग बदललाय, पाऊस आला तर आतलं चित्रीकरण करायचं, असल्या गोष्टी जेवताना आणि मेकअपच्या खुर्चीत ठरतात. ज्या दिवशी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त तिलाच माहीत नसते, त्या दिवसाचं कारण बहुधा आदल्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीत सापडतं. मॅटलिनबरोबर जॅक जेसन हा एकच दुभाषी कित्येक दशकं राहिला. इतकी जुनी जोडी सगळ्यांना मिळणार नाही, पण निदान एका निर्मितीत माणसं बदलू नका.

तालमीची खोली

खुर्च्या नालाच्या आकारात मांडा. खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागे नको, नाहीतर त्याचा चेहरा काळा दिसतो. एका वेळी एकानेच बोलायचं आणि बोलण्याआधी हात वर करायचा. पहिले दोन दिवस हे शाळेसारखं वाटतं, मग अंगवळणी पडतं. लक्ष वेधायचं तर हात हलवा, खांद्यावर हलकेच टिचकी मारा किंवा दिवा एकदा बंद-चालू करा. लाकडी जमिनीवर पाय आपटला तर कंप पोचतो. सिमेंटच्या जमिनीवर कितीही आपटा, काही कळत नाही.

पहिल्या वाचनाला नेहमीच्या दुप्पट वेळ धरा. कागद आणि दुभाषी दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. प्रत्येक पान संपलं की थांबा, चर्चा करा आणि मग पुढचं पान उघडा. प्रसंग चालू असताना बाजूने सूचना ओरडायची ज्या दिग्दर्शकांना सवय असते, त्यांनी ती मोडायलाच हवी. तिची नजर समोरच्या नटावर आहे, हात संवादात गुंतलेले आहेत. सूचना घुसवायला जागाच नाही.

क्यू

क्यू म्हणजे नटाने कधी बोलायचं, हलायचं किंवा आत यायचं, त्याचा इशारा. खरी मेहनत इथे आहे. ऐकू येणारा नट पाठमोरा असला तरी समोरच्याचं वाक्य संपलेलं त्याला कळतं. कर्णबधिर अभिनेत्रीला प्रत्येक क्यू डोळ्यांनी किंवा त्वचेने मिळाला पाहिजे. संहितेच्या समासात तिच्या प्रत्येक एन्ट्रीपुढे आणि वाक्यापुढे लिहा: हा क्यू तिला कशातून कळतो? उत्तर 'आवाज' असेल तिथे पर्याय शोधा.

सगळ्यांत चांगला क्यू सहकलाकाराच्या हालचालीतूनच येतो. पेला खाली ठेवणं, खुर्चीतून उठणं, नजर वळवणं. मात्र त्या नटाला ती हालचाल दर खेळात त्याच क्षणी करावी लागते. आज आधी उठला, उद्या बोलून मग उठला, असं चालत नाही. हरहुन्नरी, उत्स्फूर्त नट इथे सगळ्यांत जास्त गोंधळ घालतात.

विंगेतल्या एन्ट्रीसाठी छोटा दिवा पुरतो: पेटला की तयार, विझला की जा. तो रंगमंचाकडे बघताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसेल अशा उंचीवर लावा, पायाशी नको. पाठमोऱ्या प्रसंगात स्पर्श चालतो किंवा समोरच्या नेपथ्यात लपवलेला दिवा. मोजून येणारा क्यू, म्हणजे सात अंक मोजायचे आणि वळायचं, तालमीत सुरेख चालतो. प्रेक्षक मध्येच हसले की सगळा हिशेब चुकतो. म्हणून मोजणीचा क्यू एकटा ठेवू नये, जोडीला दुसरा हवा.

चित्रीकरणात आणखी सोय असते. 'इटर्नल्स' या चित्रपटाच्या वेळी कर्णबधिर अभिनेत्री लॉरेन रिडलॉफला भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं होतं आणि क्यू दिसत नव्हता. अँजेलिना जोलीने सुचवलं की लेझरचा ठिपका वापरा, तो नंतर चित्रातून पुसून टाकता येतो. युक्ती स्वस्त आणि साधी. दिग्दर्शकाच्या 'कट'साठीही अशीच दिसणारी खूण ठरवा, नाहीतर सगळे उठून गेल्यावरही ती एकटीच अभिनय करत राहते.

सगळं बसलं की एक तालीम अशी घ्या की ऐकू येणारे नटही कानात बोळे घालून काम करतील. जिथे प्रयोग अडतो, तिथला क्यू अजून आवाजावरच टांगलेला आहे.

अंधाराचा विचार वेगळा करा. रंगमंचावर पूर्ण काळोख झाला की तिच्यापुरतं संभाषण तुटतं. बाहेर नेणारं माणूस ठरलेलं हवं, जमिनीवर चमकत्या पट्ट्या हव्यात. मेकअपच्या खोलीत आणि स्वच्छतागृहात आगीची सूचना देणारा लुकलुकणारा दिवा आहे का, हे पहिल्याच दिवशी बघा.

कॅमेरा आणि संकलन

सांकेतिक संवादाची चौकट डोक्याच्या थोडी वरून कमरेपर्यंत आणि दोन्ही कोपरं मावतील इतकी रुंद हवी. नुसता चेहरा घेतला तर शब्द गेले, नुसते हात घेतले तर व्याकरण गेलं, कारण प्रश्न आहे की विधान हे पुष्कळदा भुवया सांगतात. खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये समोरच्याचा खांदा नेमका हातांवर येतो. कॅमेरा थोडा बाजूला आणि वर न्या.

सेकंदाला 24 चौकटी आणि शटर 1/48 सेकंद उघडं ठेवलं तर भांडणाच्या प्रसंगातले वेगवान हात पुसट होतात. 1/96 वर ते स्पष्ट दिसतात, पण एकूण हालचाल थोडी तुटक वाटते आणि प्रकाश दुप्पट लागतो. दोन्ही करून पाहा. कपडे एकरंगी आणि त्वचेच्या रंगापेक्षा ठळकपणे वेगळे हवेत. बोटांत चमकणाऱ्या अंगठ्या नकोत. तिच्या हातात ट्रे किंवा मूल दिलंत तर संवाद एका हाताने होणार, आणि त्यासाठी वाक्य नव्याने बसवावं लागणार.

हात एकमेकांवर आपटण्याचा, बाहीच्या सळसळीचा, श्वासाचा आवाज पुसू नका. तो संवादाचाच भाग आहे. श्रवणयंत्रावर घट्ट टोप बसला की ते शीळ घालू लागतं. ध्वनिमुद्रकाला याची कल्पना द्या.

संकलनातली चूक मात्र नंतर दुरुस्त होत नाही. बोलणाऱ्या पात्राचं वाक्य चालू असताना ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवला तरी आवाज येत राहतो. सांकेतिक वाक्याच्या मध्यावर असा कट घेतला तर ते वाक्य चित्रपटातून नाहीसंच होतं. म्हणून भाषा सल्लागार संकलनाच्या टेबलावरही हवा, आणि वाक्य कुठे संपतं याच्या वेळा त्याने लिहून द्यायच्या.

तिचा आवाज, तिची भूमिका

मॅटलिनने 1988 च्या ऑस्कर सोहळ्यात खुणांऐवजी तोंडाने बोलून नावं वाचली, तेव्हा काही कर्णबधिर लोक तिच्यावर नाराज झाले होते. आवाज वापरायचा की नाही हा निर्णय किती नाजूक आहे ते यावरून कळतं. संहितेत नसेल तर 'दोन शब्द बोलून दाखव' अशी फर्माईश करू नका, मुलाखतीतही नाही.

यातल्या बऱ्याच अभिनेत्री कार्यकर्त्याही असतात. अमेरिकेतल्या 1990 च्या कायद्याने 13 इंच किंवा त्याहून मोठ्या टीव्हीत मथळे (कॅप्शन, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी) दाखवणारी यंत्रणा बसवणं 1993 पासून सक्तीचं केलं. त्या कायद्यासाठी मॅटलिनने बाजू लावून धरली होती. 'कोडा'तल्या बाकीच्या कर्णबधिर भूमिका कर्णबधिर नटांनाच द्या, नाहीतर मी नाही, असंही तिने बजावलं होतं. ब्रिटनमध्ये कर्णबधिर अभिनेत्री रोझ एलिंग-एलिसने ब्रिटिश सांकेतिक भाषेला कायदेशीर मान्यता मिळावी म्हणून आवाज उठवला, तो कायदा 2022 मध्ये झाला. तुमच्या प्रसिद्धीसाठी अशी चळवळ फुकटात वापरू नका. किती मुलाखती, कुठल्या विषयावर, दुभाष्यासह की लेखी, हे करारातच लिहा.

शेवटी पहिला खेळ. जानेवारी 2023 मध्ये सनडान्स महोत्सवात एका चित्रपटाच्या वेळी मॅटलिनला दिलेलं मथळ्यांचं उपकरण चाललं नाही. ती परीक्षक होती, आणि तिच्याबरोबर बाकीचे परीक्षकही उठून गेले. उपकरण देणारच असाल तर प्रेक्षक येण्याच्या तासभर आधी चार्जिंग बघा, चित्रपटाची पहिली दहा मिनिटं चालवून मथळे जुळतात का ते ज्या रांगेत ती बसणार आहे त्याच खुर्चीवरून तपासा, आणि एक जादा उपकरण हाताशी ठेवा. त्यापेक्षा मथळे सरळ पडद्यावरच छापलेली प्रत लावा. तिला चार्जिंग लागत नाही.