मॉनिटर स्वस्त घ्यावा की महाग? आधी सातबारा उघडून बघा

नाशिकच्या एम. जी. रोडवर मॉनिटर घ्यायला निघाला असाल, तर पेन ड्राइव्हवर सातबाऱ्याची एक पीडीएफ टाकून घ्या. दुकानात पडद्यावर धबधबे आणि मोरपिसं चालू असतात. त्यांत स्वस्त मॉनिटरही महागाच्या शेजारी झकास दिसतो. फरक कळतो तो बारीक मराठी अक्षरांत.

मी घरून मुद्रितशोधन करते. रोजचे सात-आठ तास पडद्यासमोर जातात. मोठा तो चांगला, असं समजून मी पहिल्यांदा २७ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला. थोड्याच दिवसांत ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल नजरेतून निसटू लागली. दोष माझ्या डोळ्यांचा नव्हता.

पहिली पायरी : इंचांबरोबर पिक्सेल मोजा

पिक्सेल म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल, मग पडदा कितीही इंची असो. २४ इंचांत ते दाटीने बसतात, इंचाला साधारण ९२. तेच २७ इंचांवर पसरले की इंचाला ८२ च उरतात. २५६० × १४४० च्या २७ इंची मॉनिटरवर हा आकडा १०९ होतो आणि फोर-केवर (३८४० × २१६०) १६३.

मराठीसाठी हा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. विंडोजमध्ये १०० टक्के आकारात दहा पॉइंटच्या मजकुराला उंचीला जेमतेम तेरा पिक्सेल मिळतात. शिरोरेषा, वरचा रफार आणि अनुस्वार, खालचा उकार, मधलं जोडाक्षर, सगळं त्यातच बसवायचं. सातबाऱ्यावर तर ‘१’ आणि ‘९’ यांत गल्लत झाली की क्षेत्रच बदलतं. फोर-के पडद्यावर आकार दुप्पट ठेवला, तर त्याच अक्षराला उंचीला सव्वीस पिक्सेल मिळतात आणि ते छापल्यासारखं दिसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : बजेट कमी असेल तर २४ इंची फुल एचडी घ्या, २७ इंची फुल एचडी घेऊ नका. २७ इंचीच हवा असेल तर किमान १४४० वाला घ्या.

दुसरी पायरी : काम काय, ते ठरवा

मुलांचा अभ्यास, टॅलीच्या नोंदी, मेल, व्हिडिओ एवढंच असेल तर आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी रंग टिकवणाऱ्या पडद्याचा) २४ इंची साधा मॉनिटर पुरेसा आहे. जास्तीचे पैसे चांगल्या खुर्चीत घाला. टीएन पॅनेल मात्र टाळा, बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. अंधाऱ्या खोलीत सिनेमे बघायचे असतील तर व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी कॅडवर ड्रॉइंग करणाऱ्यांना १४४० किंवा फोर-केचे पैसे वसूल होतात. बारीक रेषा स्पष्ट दिसतात आणि एका पडद्यावर जास्त मावतं. लग्नाचे फोटो करणाऱ्यांनी एसआरजीबीचा आकडा, म्हणजे ठरलेल्या रंगांपैकी पडदा किती दाखवतो ते, विचारावा. तो १०० टक्क्यांच्या जवळ हवा. ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांचंच दुसरं माप) लिहिलेला मॉनिटर त्यांच्या कामाचा नाही, शालूचा लाल रंग अल्बममध्ये वेगळाच उतरेल. गेम खेळणाऱ्यांनी १४४ हर्ट्झ (सेकंदाला पडदा इतक्या वेळा चित्र बदलतो) किंवा पुढचा बघावा. बाकीच्यांना ७५-१०० हर्ट्झ पुष्कळ झाले.

खोक्यावरच्या ‘एचडीआर’ (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र) या अक्षरांसाठी वेगळे पैसे देऊ नका. साधारण २५० निट्सचा (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) पडदा एचडीआरची चमक दाखवूच शकत नाही. घरात कामाला मात्र तेवढा उजेड पुरतो. टेबल पश्चिमेच्या खिडकीजवळ असेल, तर एप्रिल-मेमधल्या दुपारी त्रास होईल. तिथे ३०० ते ३५० निट्सचा मॅट (चकाकी नसलेला) पडदा बघा, किंवा टेबलच हलवा.

तिसरी पायरी : स्टँड हलवून बघा

याकडे कुणी लक्ष देत नाही आणि मान दुखते ती यामुळेच. स्वस्त मॉनिटर बहुधा फक्त मागे-पुढे कलतो, वर-खाली होत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. उंची बदलणारा स्टँड परवडत नसेल, तर निदान मागे वेसाची (ठरलेल्या मापाची) चार भोकं आहेत ना, ते बघा. ७५ किंवा १०० मिलिमीटरची ती भोकं असली, की पुढे हवं तेव्हा वेगळा आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा हलता दांडा, लावता येतो.

चौथी पायरी : आपला कॉम्प्युटर झेपेल का?

जुन्या कॉम्प्युटरचं एचडीएमआय १.४ असेल, तर त्यावरून फोर-के सेकंदाला ३० फ्रेमनेच चालतं आणि माउसचा बाण अडखळतो. लॅपटॉप वापरत असाल, तर चार्जिंग देणारं यूएसबी-सी महागड्या मॉनिटरवर घेण्यासारखं आहे. एकाच वायरीत चित्रही जातं आणि लॅपटॉपही चार्ज होतो. फक्त किती वॅट देतो आणि आपल्या लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून चित्र व चार्जिंग दोन्ही चालतं का, ते आधी विचारा.

शेवटची पायरी : दुकानातून निघण्यापूर्वी

खोकं तिथेच उघडायला लावा. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा पडदा लावून मेलेले पिक्सेल शोधा. काळ्या पडद्यावर कडांमधून उजेड झिरपतो का, तेही बघा. मग सातबारा १०० टक्के आकारात उघडा, हातभर अंतरावर बसा आणि गट क्रमांक मोठ्याने वाचा. वॉरंटी किती वर्षांची, माणूस घरी येतो की मॉनिटर आपण न्यायचा, आणि किती पिक्सेल मेल्यावर बदलून देतात, हे विचारून घ्या. स्कूटरवरून नेताना खोकं उभंच ठेवा, पडद्यावर गुडघ्याचा दाब येऊ देऊ नका.