मार्च-एप्रिलच्या बर्फात स्की घेऊन जाताना : सह्याद्रीच्या सवयी पुण्यात ठेवा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपण काय करतो? सॅक बाजूला ठेवतो, पोटावर पालथे पडतो आणि मान पुढे काढून खाली बघतो. कडा आत वळलेला असला तरी तो बेसॉल्ट आहे, आपल्या वजनाने हलत नाही. पुण्याची मंडळी हीच सवय घेऊन गुलमर्ग किंवा मनालीच्या वर, आखलेले उतार सोडून स्की करायला जातात तेव्हा भीती वाटते, कारण तिथला कडा नुसत्या बर्फाचा असू शकतो. दुसरी सवय उन्हाची. आपल्याकडे पाऊस-धुकं असलं की जपायचं, लख्ख ऊन पडलं की बिनधास्त. वसंतातल्या बर्फाला हे लागू नाही. तिथे जपायचं ते उन्हालाच, कारण उन्हाने बर्फ सैल होतो आणि हिमस्खलन होतं.

१. निघण्याआधी, पुण्यात

ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, गाडलेल्याचा रेडिओ सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब घडीची काठी) आणि धातूचं फावडं या तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यात. गाडला गेलेला माणूस स्वतःच्या फावड्याने बाहेर येत नाही, त्यामुळे तुमचा जीव मित्राच्या सॅकमध्ये असतो. सगळे आधुनिक ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, कंपनी वेगळी असली तरी अडत नाही. मोबाइल मात्र त्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोध घेताना ५०.

सरावाला बर्फ लागत नाही. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर एकाने ट्रान्सीव्हर जुन्या सॅकमध्ये घालून पाचोळ्याखाली लपवावा, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधावा. गाडलेल्याच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. तेवढ्यात बाहेरची मदत पोहोचणं जवळपास अशक्य.

उताराचा अंदाज घरीच येतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि आपल्या सोसायटीचा जिना साधारण ३० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे धोका काही उभ्या भिंतीवरच नसतो. मोबाइलमधल्या कोनमापकाने जिना एकदा मोजून बघा, नजर तयार होते.

चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज बघा. पण इशारा मोठ्या भागासाठी असतो. तुमच्या पुढ्यातला उतार तुम्हालाच वाचायचा आहे. पश्चिमी झंझावाताने ताजा बर्फ पडला असेल तर एक-दोन दिवस थांबा, परतीचं तिकीट पुढे ढकलावं लागलं तरी.

२. रात्र कशी गेली ते बघा

दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठून घट्ट व्हायला आभाळ मोकळं लागतं. ढगाळ रात्र म्हणजे बर्फावर पांघरलेली गोधडी. उष्णता वर निसटत नाही आणि बर्फ ओलाच राहतो. पहाटे तंबूबाहेर येऊन काठी टोचा. वरचा थर टणक लागला तर निघा. काठी भसकन आत गेली तर परत झोपा, खरंच.

३. घड्याळ पाळा

ऊन आधी पूर्वेच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेच्या, दुपारी पश्चिमेच्या. त्याच क्रमाने ते सोडत जा. पहाटे चार-पाचला निघून दहाच्या सुमारास खाली, हा साधारण हिशोब. गरम दिवशी त्याहूनही लवकर. एकदा आम्ही चहा-मॅगीत पाऊण तास घालवला. उताराशी पोहोचलो तर बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत खाली येत होते आणि बूट नडगीपर्यंत रुतत होता. दोन्ही खुणा परत फिरायच्या, आणि आम्ही फिरलो. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा स्कीपासून भेग पळत गेली, तरी वाद नको.

४. कॉर्निसपासून लांब

वारा धारेवरून बर्फ उडवतो आणि पलीकडच्या बाजूला वळचणीसारखा पुढे काढून ठेवतो. हाच अधांतरी बर्फ म्हणजे कॉर्निस. वाऱ्याच्या बाजूने बघताना ती सपाट, चालायला छान वाटणारी धार दिसते; खाली काही नाही हे कळतच नाही. शिवाय तो टोकाशी मोडत नाही, अपेक्षेपेक्षा बराच मागे, कधी सपाटीवर मोडतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूला उतरून चाला, जिथे खडक उघडा दिसतो तिथून. काराकोरममधल्या ब्रॉड पीकवरच्या पहिल्या चढाईला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २७ जून १९५७ रोजी त्या चढाईतला नामवंत ऑस्ट्रियन गिर्यारोहक हर्मन बूल जवळच्याच चोगोलिसा शिखरावर खराब हवेत वाट चुकून कॉर्निसवर गेला आणि त्याच्यासह कोसळला. असा माणूस चुकतो, तर आपण फोटोसाठी पुढे सरकू नये.

कॉर्निसखाली जेवायलाही बसू नका. उन्हाने तो सुटला की पडताना खालचा अख्खा उतार घेऊन येतो. आणि हे फक्त स्कीवाल्यांचं नाही: ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले.

५. उतार ओलांडताना आणि अडकल्यास

एका वेळी एकच जण. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतात. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले हवेत. बर्फ सुटला तर ओरडा, बाजूला निसटायचा प्रयत्न करा, थांबायच्या आधी हात तोंडासमोर आणा. बघणाऱ्यांनी शेवटची दिसलेली जागा लक्षात ठेवावी, नवीन काही कोसळत नाही ना ते पाहावं, सगळे ट्रान्सीव्हर शोधावर टाकावेत. प्रोब लागला की तो तसाच ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जा. ओला बर्फ थांबल्याबरोबर सिमेंटसारखा बसतो, म्हणून ढलप्या कापून मागे ढकला. आधी तोंड मोकळं करा, मग छाती.