खापर, गोटी आणि वीट: समतोल कोणता, हे कसं ओळखावं

मांडे करायचं खापर घरात असेल, तर या प्रयोगाचं मुख्य साहित्य हाताशीच आहे. खानदेशात ते चुलीवर पालथं घालतात आणि हातांवर फिरवून पातळ केलेला मांडा त्याच्या फुगीर पाठीवर टाकतात. आपल्याला ते थंड असतानाच हवं. सोबत एक मोठी गोटी, परात, वरवंटा आणि वीट. खापराची आतली बाजू काजळीची असते, हात काळे होणारच.

पायरी १. समतोल आहे का, ते आधी बघा. वस्तूवरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य आणि तिला फिरवू पाहणाऱ्या आघूर्णांची बेरीजही शून्य, तरच समतोल. नुसतं थांबणं पुरत नाही. वर उडवलेलं बोर सर्वांत उंच जागी क्षणभर थांबतं, पण पृथ्वी त्याला ओढतच असते. तो समतोल नव्हे.

पायरी २. गोटीला हलकासा धक्का द्या. खापर उताणं ठेवून गोटी तळाशी सोडा. ढकलली की ती काठाकडे चढते, परत येते, झोके घेत घेत घर्षणामुळे पुन्हा तळाशी थांबते. हा स्थायी समतोल. आता खापर पालथं करा आणि गोटी माथ्यावर ठेवायचा प्रयत्न करा. बहुतेक वेळा ती ठरतच नाही. ठरली तरी फुंकरीने घरंगळते. हा अस्थायी समतोल. (गोटी हट्टाने माथ्यावर बसलीच, तर माती खरबरीत आहे किंवा माथा चपटा झालाय, एवढंच समजा.) परातीत गोटी ढकलली की थोडी पुढे जाऊन तिथेच थांबते. हा उदासीन समतोल. परातीत ती आपोआप चालू लागली तर जमीन उतरती आहे. खाली कागदाची घडी सारा.

पायरी ३. गुरुत्वमध्य, म्हणजे वस्तूचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, कुठे गेला, ते विचारा. आकार पाठ करण्यापेक्षा हा एकच प्रश्न कामाचा आहे. धक्क्याने गुरुत्वमध्य वर चढला, तर स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे साठलेली ऊर्जा) वाढली आणि वस्तू परत येणार. खाली आला, तर ती आणखी दूर जाणार. त्याच उंचीवर राहिला, तर उदासीन.

पाट्यावरचा वरवंटा काढून सपाट फरशीवर आडवा ठेवा. तो नीट गोल असेल तर लोटल्यावर जिथे थांबला तिथे राहतो: उदासीन. त्याचंच एक टोक जरा उचलून सोडा, परत खाली बसतो: स्थायी. वस्तू एक, उत्तरं दोन. म्हणून धक्का कोणत्या दिशेने दिला, ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

पायरी ४. वीट उभी करा. इथे बरेच जण चुकतात. उभी वीट सहज पडते, म्हणून तिचा समतोल अस्थायी लिहून मोकळे होतात. पण बोटाने किंचित कलवून सोडा, ती परत सरळ होते. म्हणजे समतोल स्थायीच, फक्त कमकुवत. किती कमकुवत, ते मोजता येतं. वीट २३ × १० × ७.५ सेंमी मानू. उभ्या विटेचा गुरुत्वमध्य ११.५ सेंमी उंचीवर, ७.५ सेंमीच्या बाजूकडे कलवली तर साधारण १८ अंशांवर तो बरोबर कडेच्या वर येतो. तेवढ्यात तो चढतो जेमतेम ०.६ सेंमी. वीट आडवी ठेवली आणि १० सेंमीच्या बाजूकडे कलवली, तर हाच कोन ५३ अंश आणि चढण २.५ सेंमी. अस्थायी समतोल असतो तो त्या कडेवर तोललेल्या क्षणी. हाताने तो पकडून बघा, मजा येते.

पायरी ५. कापसाच्या बैलगाडीकडे बघा. दोन चाकांत १.५ मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य १ मीटरवर असेल, तर गाडी बाजूला साधारण ३७ अंशांपर्यंत कलली तरी सावरते. वर कापूस रचून गुरुत्वमध्य १.५ मीटरवर नेला, की उरतात २७ अंश. वाटेतले खड्डे आणि हिसके धरले तर त्याहून कमीच.

पुढे-मागे पाहिलं तर गोष्ट आणखी नाजूक. भार आसाच्या वर असतो आणि त्या दिशेने गाडी एका आसावरच तोललेली; बैल सोडले की समतोल अस्थायी. म्हणून बैल सोडण्याआधी टेकू देतात. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलते; पुढे झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं.

रावेर-यावलकडच्या केळीला हे गणित जसंच्या तसं लावू नका. घडाच्या वजनाने झाड एका अंगाला झुकतं हे खरं, पण वीट नुसती टेकलेली असते आणि केळीला मुळं धरून ठेवतात. तिथला बांबूचा टेकू मुळांवरचा ताण हलका करतो.