राष्ट्रावरचा न्यायनिवाडा वाचायचा कसा? सुरुवात नहूमपासून करा

हिब्रू संदेष्ट्यांची राष्ट्रांविरुद्धची वचनं अभ्यासायची म्हणून बरेच जण थेट यशयाच्या १३ ते २३ अध्यायांना हात घालतात आणि चार दिवसांत कंटाळतात. इतकी राष्ट्रं, इतके राजे, कोण कुणावर उठलंय तेच कळत नाही. त्यापेक्षा बायबलमधलं नहूम संदेष्ट्याचं छोटं पुस्तक घ्या. तीन अध्याय, ४७ वचनं आणि शहर एकच: अश्शूरची राजधानी निनवे, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ. एका बैठकीत मोठ्याने वाचून होतो.

आधी काळ ठरवा. ३:८ मध्ये (तिसरा अध्याय, आठवं वचन) नो-आमोनच्या, म्हणजे इजिप्तमधल्या थीब्जच्या, पाडावाची आठवण करून दिली आहे. अश्शूरने ते इ.स.पू. ६६३ मध्ये लुटलं. निनवे पडलं इ.स.पू. ६१२ मध्ये, बाबेली (बॅबिलोनच्या) आणि मेदी (आजच्या इराणकडच्या) फौजांपुढे. नहूमच्या बोलण्यात ते अजून पडायचं आहे. त्यामुळे या दोन सालांच्या मधला काळ धरून चाला. त्याहून नेमकं साल काढायच्या फंदात नवख्याने पडू नये.

मग पेन्सिल घेऊन समासात लिहा: कोण बोलतंय, कुणाशी? खरी दमछाक १:११ ते १:१४ मध्ये होते. चार वचनांत 'तू' बदलत राहतो. ११ मधली 'तू' निनवे, १२ मधली यहूदा (हिब्रूंचं दक्षिणेकडचं राज्य), १४ मधला 'तू' बहुधा अश्शूरचा राजा. हिब्रूत स्त्रीलिंगी-पुल्लिंगी रूपांमुळे थोडा आधार मिळतो, तरी ११ आणि १२ दोन्हीकडे स्त्रीलिंगच आहे. त्यात निनवेचं नाव शीर्षकानंतर थेट दुसऱ्या अध्यायात येतं. 'तुला पीडिलं, यापुढे पीडणार नाही' हे १२ मधलं आश्वासन निनवेच्या पदरात टाकलंत की पुढचा सगळा अर्थ उलटा लागतो. वचन सापडत नसेल तर क्रमांक तपासा: बऱ्याच भाषांतरांतलं १:१५ हिब्रू प्रतीत २:१ असतं आणि दुसरा अध्याय संपेपर्यंत एकेकाचा फरक राहतो.

आता आरोपपत्र काढा. रक्तपात, लबाडी, लूट (३:१). राष्ट्रांना भुरळ घालून विकणं (३:४). सिंहाच्या गुहेवर (२:११-१३) जरा थांबा. अश्शूरी राजे आपली सिंहाची शिकार महालाच्या भिंतींवर कोरून घेत. अशुरबनिपालचे असे शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नहूम त्याच राजांना सिंह ठरवतो आणि तलवारीखाली देतो. त्याच म्युझियममध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या महालातला, यहूदातल्या लाखीश शहराच्या वेढ्याचा शिल्पपटही आहे (वेढा इ.स.पू. ७०१ चा): जिवंत सोलले जाणारे कैदी, सामानासकट हाकलली जाणारी कुटुंबं. ही चित्रं पाहून मग तिसरा अध्याय वाचा; त्यातला संताप कुठून आला ते वेगळं सांगावं लागत नाही.

हमखास चुका दोन. पहिली, प्रत्येक ओळीचा पुरावा शोधणं. २:६ मध्ये नदीचे दरवाजे उघडतात, म्हणून पूर आलाच असं ठोकून दिलं जातं. बाबेलच्या इतिवृत्तात तीन महिन्यांचा वेढा आहे. नदीच्या पुराने तट ढासळल्याची गोष्ट कित्येक शतकांनंतरचा ग्रीक लेखक डायोडोरस सांगतो. दुसरी, आजच्या एखाद्या देशाचं नाव तिथे चिकटवणं. ही खोड जुनीच: मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडलेल्या प्राचीन ज्यू गुंडाळ्यांमध्ये नहूमवरचं भाष्य आहे आणि त्यात सिंह म्हणजे त्या काळचा एक सत्ताधीश.

नहूम पचला की आमोस या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं १:३ ते २:१६ घ्या. दमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब असा शेजाऱ्यांचा समाचार घेत संदेष्टा यहूदावर येतो आणि शेवटी खुद्द इस्राएलवर, म्हणजे हिब्रूंच्या उत्तरेकडच्या राज्यावर. समासात प्रत्येकाचा गुन्हा लिहा, आणि इस्राएलच्या वाट्याला किती वचनं आली ती मोजा.