पायलटचं पेन बिघडलं म्हणण्याआधी या चुका टाळा

आमच्या ओळखीत कुणाचं शाईचं पेन अडलं की ते फिरत फिरत माझ्याकडे येतं. दुरुस्ती हा काही माझा धंदा नाही, पण बरीच वर्षं पायलट या जपानी कंपनीची पेनं वापरतोय, रोजच्या खिशात त्यांचं कस्टम ७४ असतं, टेबलावर ८२३, आणि घरात काकुनो तर तीन चार सापडतील, त्यामुळे लोक आणून देतात आणि मी पण नाही म्हणत नाही. पण आता तेच तेच बघून खरंच कंटाळा आलाय. आणलेल्या बहुतेक पेनांना मुळात काही झालेलंच नसतं, आणि ज्यांना झालेलं असतं त्यांना ते मालकाने "दुरुस्त" करताना झालेलं असतं.

याचं मूळ मला आपल्या शाळेत दिसतं. पाचवीत शाईचं पेन हातात आलं तेव्हा आपण तीन गोष्टी शिकलो. पेन उठत नसेल तर झटकायचं, तरी नाही उठलं तर निबच्या चिरेत ब्लेड घालायचं, आणि खरखरत असेल तर निब फरशीवर घासायची. त्या पेनांना ते चालून जायचं, कारण निब स्वस्तात मिळायची आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून नवीन घालून घेता यायची. तीच सवय आपण चाळिशीत चौदा कॅरेट सोन्याच्या निबवर वापरायला जातो आणि तिथे सगळं बिघडतं.

८२३ ची मागची घुंडी

ही माझी सगळ्यात लाडकी तक्रार आहे त्यामुळे सविस्तर सांगतो.

माझ्या मेव्हण्याने पन्नाशीला स्वतःसाठी कस्टम ८२३ घेतलं. अंबर रंगाचं, आत शाई हलताना दिसते ते. फार दिवसांची इच्छा होती त्याची. पंधरा दिवसांनी फोन, "दाजी, दीड पान लिहिलं की पेन बंद पडतं. थोडा वेळ ठेवलं की परत चार ओळी चालतं आणि परत बंद." मी म्हटलं अरे मागची घुंडी सैल केलीस का, तर तो म्हणाला हो हो ते बघितलं. त्याला वाटलं मी शाई भरण्याबद्दल बोलतोय. आणि मी त्या दिवशी गडबडीत होतो, पुढे विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर ही घुंडी काय भानगड आहे ते नीट समजून घ्या. ८२३ मध्ये कार्ट्रिज (शाईची तयार नळी) नाही, कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून घेणारी नळी) नाही, पेनच्या पोटातच शाई असते, दोन मिलिलिटरच्या वर मावते. मधून एक दांडी जाते आणि दांडीच्या टोकाला रबरी सील असतं. घुंडी पूर्ण आवळली की ते सील पुढे जाऊन निबकडे जाणारी वाटच बंद करतं. हे मुद्दाम केलंय. विमानात हवेचा दाब बदलतो तेव्हा पेनातली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते, ती टोपणात सांडू नये म्हणून ही सोय. पण वाट बंद असताना लिहायला बसलात तर निबखाली जी काळी जीभ असते, जिला फीड म्हणतात, तिच्यात साठलेल्या शाईवरच पेन चालतं. ती पान दीड पानात संपली की कोरडं. मेव्हण्याचं दीड पान ते हेच.

उपाय म्हणाल तर लांब लिहायला बसताना घुंडी दोन तीन मिलिमीटर सैल करा. झालं. एवढंच. मी टोपण काढतो, घुंडी फिरवतो आणि मगच पहिला शब्द लिहितो, आता हाताला इतकी सवय झालीय की वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. सही करायची किंवा पाकिटावर पत्ता लिहायचा असेल तर तेवढंही करायची गरज नाही. उठताना परत आवळून ठेवायचं.

आता पुढचं ऐका. मेव्हण्याने मला परत फोन केलाच नाही, त्याने व्हिडिओ बघितले. पेन सहा सात वेळा धुतलं. मग शाईवर संशय, तीन बाटल्या बदलल्या. मग कुणीतरी सांगितलं निबची फट फार घट्ट असेल म्हणून शाई येत नाही, आणि त्याने शाळेतलं ब्लेड काढलं. दाढीचं ब्लेड, सरळ चिरेत घालून दोन्ही बाजूंना हलवलं. दिवाळीला घरी आला तेव्हा पेन घेऊन आला. मी घुंडी दोन आटे सैल केली, थोडं थांबलो आणि कागदावर ठेवलं तर शाईचा नुसता ओघ. वाट बंद होती ती उघडली, आणि ब्लेडने फाकवलेली निब आता दुप्पट शाई सोडत होती. पंधरा नंबरची निब आहे ती, पायलटच्या नेहमीच्या पेनांमधली मोठी, टोकाला इतकी नाजूक बसवलेली असते आणि तिच्या दोन पात्यांमध्ये सरळ उजेड दिसत होता. मला त्या वेळी बोलायलाच सुचेना.

निब हातानेच थोडी थोडी जवळ आणली, दोन संध्याकाळी गेल्या. आता लिहितं पण मूळचं मीडियम राहिलं नाही, जाड आणि ओलं चालतं, आणि डाव्या पात्यावर ब्लेडचा ओरखडा आहे तो कायमचा. त्याला तसंच आवडतं म्हणतो. मला त्या पेनचं पहिलं लिहिणं माहिती आहे, म्हणून मला ते बघवत नाही.

८२३ भरतानाची चूक पण इथेच सांगून टाकतो. दांडी पूर्ण वर ओढा, निब शाईत पूर्ण बुडवा, म्हणजे सोनेरी भाग सगळा आत, आणि मग एका दमात खाली दाबा. दांडी खाली जाताना मागे निर्वात जागा तयार होते आणि अगदी तळाशी नळी जराशी रुंद होते तिथे सील सुटतं आणि शाई एकदम वर येते. लोक घाबरत घाबरत हळूहळू दाबतात, किंवा निब अर्धीच बुडवतात, आणि मग फक्त बुडबुडे. पूर्ण पोट भरलं नाही म्हणून पण घाबरू नका, एका वेळी दोन तृतीयांशाच्या आसपास भरतं आणि ते पुष्कळ आहे.

दाबून लिहिणं

बॉलपेनचा हात घेऊन येऊ नका. बॉलपेनला गोळी फिरवायला दाब लागतो, शाईच्या पेनाला कागदाला निब टेकली की पुरतं, बाकीचं काम शाई स्वतः करते. नवीन माणूस दाबतो, दाबल्यावर दोन पाती फाकतात, शाई जास्त येते, त्याला वाटतं वा काय लिहितंय, म्हणून अजून दाबतो. पोलादी निब एकदा वाकली की परत जागेवर येत नाही.

आणि पायलटच्या सोन्याच्या निब मऊ असतात असं ऐकून काही मुलं त्या दाबून जाड बारीक रेषा काढायला बघतात. मऊ असणं आणि फाकवायला बनवलेली असणं यात फार फरक आहे. सुलेखन करायचं असेल तर पायलटचंच पॅरलल पेन घ्या, १.५ पासून ६ मिलिमीटरपर्यंत सहा मापांत मिळतं, त्यावर देवनागरी काय सुंदर उठते. ७४ ला त्रास देऊ नका.

निब घासणं

फरशी गेली, तिच्या जागी आता मायक्रोमेश नावाचा बारीक पॉलिश पेपर आला. पेन घरी येऊन दोन दिवस नाही झाले आणि लोक पॉलिश पेपर मागवतात. माझं स्पष्ट मत आहे की पहिले दोन महिने निबला कसलाही कागद लावू नये, लिहायचा कागद सोडून. टोकाला जो कठीण धातूचा ठिपका असतो तो एकदा घासला गेला की परत येत नाही.

खरखर बहुतेक वेळा हाताची असते. आपण देवनागरी लिहिणारे शिरोरेषा ओढताना नकळत मनगट वळवतो, पेन बोटात जरासं फिरतं आणि निबचा एकच कोपरा कागदावर घासत जातो. अक्षर गुळगुळीत आणि शिरोरेषा खरखरीत असेल तर शंभर टक्के हेच. म्हणूनच मी कुणालाही पहिलं पेन काकुनो सांगतो. २०१३ मध्ये पायलटने ते मुलांसाठी काढलं, निबवर हसरा चेहरा कोरलेला असतो, लिहिताना तो चेहरा सरळ तुमच्याकडे बघत असला पाहिजे. शिरोरेषा ओढून झाल्यावर थांबा आणि बघा, चेहरा कलला असेल तर पेन फिरलंय. माझ्या पुतणीचं अक्षर यानेच सुधारलं, आणि तिचं पाहून मी माझी स्वतःची पकड बदलली.

निबच्या मापाबद्दल पण घाई नको. जपानी एफ, म्हणजे फाइन, हा जर्मन एफपेक्षा बारीक असतो, कारण त्यांच्या लिपीत एकेका चौकोनात दहा पंधरा रेघा बसवायच्या असतात. आपल्याला हे फायद्याचं आहे, क्ष, ष्ट, द्ध्य असली जोडाक्षरं आखीव वहीत भरून न जाता सुटी राहतात. पण त्या हौसेत एक्स्ट्रा फाइन घेऊ नका, साध्या लाँगबुकच्या कागदावर तो तंतू उचकटतो आणि मग परत पॉलिश पेपरची चर्चा सुरू. पोलादी निबमध्ये एफ किंवा एम (मीडियम), सोन्याच्या निबमध्ये एम, हे माझं ठरलेलं.

कार्ट्रिज आणि कन्व्हर्टर

पायलटची कार्ट्रिज वेगळी असतात, दुसऱ्या कंपनीची बसत नाहीत, जोर लावू नका. अपवाद एक आहे आणि त्यात खूप लोक फसतात. युरोपात विकलं जाणारं एमआर, म्हणजे आपण ज्याला मेट्रोपॉलिटन म्हणतो ते, तिकडे आंतरराष्ट्रीय मापाची कार्ट्रिज घेतं. जर्मनीहून आत्याने आणलेल्या पेनात इथला कॉन-४०, म्हणजे पायलटचा कन्व्हर्टर, बसत नसेल तर पेन खराब नाही आणि कन्व्हर्टरही खराब नाही.

कॉन-४० अर्धाच भरतो ही तक्रार बरोबर आहे, तो तसाच आहे. एकदा भरा, निब वर करून हळूच हवा बाहेर काढा, परत बुडवून भरा. जास्त शाई हवी असेल तर कॉन-७०, तो ७४ मध्ये बसतो, मेट्रोपॉलिटनमध्ये आणि कॅपलेसमध्ये बसत नाही. विकत घेण्याआधी बघा.

कॅपलेस न धरता घेणं

१९६३ पासून पायलट हे पेन करतंय, खटका दाबला की निब बाहेर, परत दाबला की आत आणि समोर छोटं झाकण बंद. मला हे पेन मनापासून आवडतं. पण क्लिप निबच्या बाजूला आहे, खिशात निब वर राहावी म्हणून, त्यामुळे लिहिताना क्लिप बरोबर बोटांमध्ये येते. काहींना ती पेन सरळ धरायला मदत करते, काहींना टोचते. एकदा हातात धरून चार ओळी लिहिल्याशिवाय घेऊ नका. आणि मीटिंगमध्ये निब बाहेर ठेवून गप्पा मारू नका, आत घ्या, वाळते.

ड्रॉइंग इंक

वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, जिला इंडिया इंक पण म्हणतात, ती शाईच्या पेनात कधीही, कुठल्याही पेनात, एकदाही घालू नका. त्यात लाखेसारखा चिकट पदार्थ असतो, फीडच्या बारीक खाचांत वाळला की पाण्याने निघत नाही. टाकासाठी आहे ती.

उलट बाजूने, पायलटच्या इरोशिझुकु शाया पेनासाठी फारच सौम्य आहेत, २००७ पासून मिळतात, कोन-पेकी आणि शिन-काई या माझ्या दोन कायमच्या. पण त्या पाण्यात टिकत नाहीत. कुरिअरच्या पाकिटावर पत्ता त्या शाईने लिहू नका, अर्जावर तर नकोच.

धुताना

गरम पाणी नको, स्पिरिट नको, थिनर नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, बॉडीचं रेझिन खराब होतं. साधं माठातलं किंवा नळाचं पाणी. शाई बदलताना आणि पेन पंधरा दिवस पडून राहिलं असेल तर मी निबचा भाग रात्रभर वाटीत पाण्यात ठेवतो, सकाळी जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर निब खाली करून उभं करतो, दुपारपर्यंत पाणी ओढलं जातं. अर्ध्या तासात हवं असेल तर मला विचारू नका, पेन वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. ८२३ मध्ये पाण्याचे थेंब दिसत राहतात, त्यासाठी पेन उघडायला जाऊ नका, एक दोन थेंबांनी शाईला काही होत नाही.

नवीन पेन पण आधी साध्या पाण्याने एकदा धुवा. कारखान्यातलं तेलकट काहीतरी कधी कधी राहिलेलं असतं आणि पहिल्याच दिवशी रेघ तुटत तुटत येते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आणलेल्या तक्रारी मी आधी कागदावर तपासतो. वही ओल धरते, शाई फुटते, मागच्या पानावर उतरते आणि दोष पेनला. माझी लिहायची वही जुलैत कपाटात, घट्ट बांधलेल्या पिशवीत असते, लागतील तेवढीच दोन पानं काढतो. परवाच एकजण मेट्रोपॉलिटन घेऊन आले, रेषा जाड झालीय म्हणाले, मी त्यांना कपाटातलं कोरडं पान दिलं, त्यांनी त्यावर स्वतःचं नाव तीनदा लिहिलं आणि पेन खिशाला लावून घरी गेले.